तू कुठं हुतास?

बाई आधी चष्मा काढायच्या, माझ्या हातात द्यायच्या आणि मग म्हणायच्या, "पाठवा आत." त्यांचा चष्मा पेशंटांनी दोनदा फोडला होता. मनाच्या दुखण्याच्या या डॉक्टरीणबाईंकडे कोल्हापुरात तेव्हा माणसं तोंड लपवून येत आणि काही जण जाताना खुर्ची मोडून जात. मी दाराबाहेर बसून नंबर लावायची; आतलं बोलणं मला ऐकू यायचं.

बाईंचा सारा इलाज एका प्रश्नात होता. माणूस जुनी आठवण काढून बापाचं, भावाचं, गावाचं सांगत सुटला, की त्या त्याला त्याच्याच बोलीत अडवायच्या, "ते ऱ्हाऊ दे. तू कुठं हुतास?" मग त्याला उठवून खोलीतच ती जागा दाखवायला लावायच्या. इथं चूल, इथं बाप, इथं तू. खरं सांगते, मला हे मुळीच पटायचं नाही. खपली धरलेली जखम कशाला उकरायची? तुम्हीही हेच म्हटलं असतं.

हुपरीचा एक चांदीकाम करणारा यायचा. बायकोनंच त्याला आणलं होतं. त्यानं मारून तिचा जबडा मोडला होता, म्हणून पहिल्या दिवशी ती खुणेनंच बोलली. त्याची आठवण एकच. लहानपणी बापानं आईला भट्टीवरच्या सांडशीनं मारलं, त्यात ती गेली. दर मंगळवारी तो तेवढंच सांगायचा आणि बापाला शिव्या घालायचा.

"तू कुठं हुतास?"

"दारात."

"दार उघडं का बंद?"

त्यानं बाईंचा गळाच धरला. मी धावत आत गेले. बाईंचे डोळे पांढरे झाले होते, तरी त्यांनी मला हातानं थोपवलं. घोगऱ्या आवाजात त्याला विचारलं, "दार कुणी धरलं हुतं?"

"म्या," तो म्हणाला. "बा म्हणला धर, म्या बाहेरनं धरलं. आई आतनं धडका देत हुती."

त्याचे हात सुटले आणि तो फरशीवर डोकं आपटू लागला. कपाळ फुटलं. बाई खाली बसल्या आणि त्यांनी आपला तळहात त्याच्या कपाळाखाली सरकवला. पुढचे तडाखे त्या हातानं खाल्ले.

बाहेर त्याच्या बायकोनं बाईंना विचारलं, "आता न्हाई न्हवं मारणार मला?"

"ते मला ठावं न्हाई, पोरी," बाई म्हणाल्या. "त्याचं त्याला कळाय पायजे. तवर कागलला म्हायेराची वाट मोकळी ठेव."

मला बाईंचा राग आला. एवढं सोसून साधा धीरही देऊ नये?

पुढं दोनेक वर्षांनी बाई अचानक गेल्या. त्यानंतरच्या मंगळवारी ती दोघं नेहमीसारखी आली. बाई वारल्याचं मी सांगितलं. त्यानं मूठ वळून भिंतीवर हाणली, परत हाणली. गिलावा पडला, बोटांतून रक्त आलं. बायको माझ्या पाठीमागं सरकली. त्यानं ते पाहिलं.

"तू आज कागलला जा," तो म्हणाला. "माझा मला भरवसा न्हाई."

मीही स्टँडवर गेले, कारण मलाही त्याचा भरवसा नव्हता. तो गाडीपासून लांबच उभा राहिला. गाडी सुटेपर्यंत त्यानं आपला रक्ताळलेला हात दुसऱ्या हातानं घट्ट धरून ठेवला होता.