बिनतालमीचा बाप

मी फार चांगलं भाषण करतो. हे मीच सांगतोय, कारण घरातलं दुसरं कोणी सांगत नाही.

उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, माझं आडत दुकान आहे. सौद्याला ओरडून ओरडून असा आवाज कमावलाय की माईक माझ्यापुढे लाजतो! लेकीच्या शाळेतल्या पोरांनी ‘मनाचं आरोग्य’ या प्रकल्पावर गावासमोर नाटक बसवलं होतं. ऐन वेळी प्रमुख पाहुणे आलेच नाहीत, तेव्हा हेडबाईंना माझ्याशिवाय कोण दिसणार? (मी पहिल्या रांगेत फेटा बांधूनच बसलो होतो, तो भाग वेगळा.)

“पप्पा, दोनच मिनिटं बोला,” नववीतली आमची प्राजक्ता कानाशी येऊन म्हणाली. “अर्धी पोरं शेवटच्या एसटीनं गावाकडं जाणार हायती. उशीर झाला की नाटक गेलं! लई खपलोय आम्ही.”

“दोन म्हणजे दोनच!” मी शब्द दिला.

पण आपल्याकडे सत्काराशिवाय कार्यक्रम सुरू होतो का? आधी माझा झाला. मग मी आग्रह धरून शिपायापासून मंडपवाल्यापर्यंत सगळ्यांचा करायला लावला. मग बोलायला उभा राहिलो. विषय घेतला, ‘पालकांनी मुलांचं ऐकून घ्यावं’. काय रंगलो म्हणता! पडद्याआडून पोरं मनगटावर बोट आपटून दाखवत होती. मला वाटलं, वेळ विचारतायत. माईकवरूनच सांगितलं, “सव्वापाच!”

शेवटी कोणीतरी माईक बंद केला. मला पत्ताच नाही! माझा आवाज तसाही पार मैदानाच्या फाटकापर्यंत जात होता.

तेवढ्यात प्राजक्ता स्टेजवर माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. “पप्पा, मला काहीतरी सांगायचंय.”

“थांब गं, महत्त्वाचं बोलायलोय ना!”

लोक हसले. भाषण चढलंय म्हणून मी खूष.

“पप्पा, मला रात्री झोप येत न्हाई. परीक्षेची लई भीती वाटती.”

“ते मग बघू! आधी मुलांचं कसं ऐकावं ते लोकांना सांगू दे!”

मैदान हसून लोटपोट! मागे वळून बघतो तर सगळी पोरं वेश करून उभी. नाटक केव्हाच सुरू झालं होतं आणि त्यातला न ऐकणारा बाप मीच होतो! मुकाट्यानं खुर्चीत जाऊन बसलो. पण पोरांनी काय काम केलं राव! ऊर भरून आला. एसटीही मिळाली त्यांना.

घरी जाताना स्कूटरवर विचारलं, “ते झोपेचं नाटकातलंच होतं ना गं?”

“न्हाई पप्पा. खरं हाय.”

मी लगेच स्कूटर कडेला लावली आणि जन्मात पहिल्यांदा तोंड मिटून सगळं ऐकलं.

बोलून झाल्यावर तिनं डोळे पुसले. “पप्पा, पुढच्या आठवड्यात नांदेडला प्रयोग हाय. हेडबाई म्हणल्या, बापाच्या कामाला तुम्हीच पायजेत.”

“येतो की!” माझी छाती फुगली. “तालमीला कधी येऊ?”

“तुमाला तालीम कशाला? घरी रोज करताव की!”