आकडा सकाळचा होता

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आयुष्यभर गावात पिठाची गिरणी चालवली. आमचं गाव उमरग्यापासून फार लांब नाही, कर्नाटकाच्या हद्दीला लागून आहे. लाईट आली की गिरणीचा पट्टा फिरायचा, गेली की दळणाचे डबे ओट्यावर रांगेत तसेच. पिठाच्या धुळीनं अण्णांच्या छातीचं व्हायचं ते झालं. आई गेल्यावर गिरणी बंद करावी लागली, आणि पुढच्या हिवाळ्यात डॉक्टरांनी सांगितलं, आता दिवसातला बराच वेळ ऑक्सिजनच्या मशीनवर राहावं लागेल. मशीन घरी ठेवता येते, पण ती चालते विजेवर.

पुण्यातला माझा धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, त्यांना इकडं आण. तिथल्या लाईटचा काय भरवसा?"

मी उमरग्यात शाळेवर शिकवते, राहतेही तिथंच. माझ्याकडं चला म्हणून मीही मागं लागले. अण्णा दोन्हीकडं यायला तयार नव्हते. "श्वासच घ्यायचाय न्हवं? मग हितंच घेऊ द्या," म्हणाले. समोरच्या घरात अक्का राहतात. दोघांच्या दारातून दारात, अर्ध्या कन्नडमधून अर्ध्या मराठीतून गप्पा चालतात. त्यातून उचलून अण्णांना माझ्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत नेऊन ठेवायचं मलाही पटेना. लाईटचा भरवसा नाही ना, मग आपण तो घरातच उभा करू, असं मी ठरवलं.

घराला लागूनच असलेल्या गिरणीच्या पत्र्यावर सोलरचे पॅनल बसवले. आत बॅटरी आणि इन्व्हर्टर. इन्व्हर्टर घरातल्या वायफायला जोडलेला, त्यामुळं बॅटरी किती भरली, ऊन किती मिळतंय, लाईन चालू आहे का, सगळं माझ्या मोबाईलवर दिसायचं. बसवून देणारा माणूस म्हणाला, "मॅडम, आता शाळेत बसून बघा." मी बघायचे. तास संपला की बघायचे, डबा खाताना बघायचे. हिरवा आकडा दिसला की पुढचा घास गोड लागायचा.

चैत्रातल्या एका दुपारी जोराचं वारं सुटलं. शाळेचे पत्रे वाजायला लागले. मी मोबाईल काढला. बॅटरी जवळजवळ भरलेली, आकडा हिरवा. पुढच्या तासानंतर बघितलं, आकडा तोच. मुलांना गणितं घालून परत बघितलं, तोच. बॅटरीचा आकडा असा एका जागी बसत नाही, वर जातो नाहीतर खाली येतो. मग त्याच्याखाली बारीक अक्षरात लिहिलेली वेळ दिसली. ती सकाळची होती.

अण्णांचा फोन लागेना. अक्कांचाही लागेना. मुख्याध्यापिकांना दारातूनच सांगितलं आणि स्कूटर काढली. रस्त्यात बाभळीच्या फांद्या पडल्या होत्या. त्या चुकवताना मनात एकच चाललं होतं, अडचणीसाठी ठेवलेली ऑक्सिजनची टाकी अण्णांना उघडता आली असेल का?

घरात मशीनचा आवाज नव्हता. अण्णा खुर्चीत बसलेले, नाकाला नळी, नळीचं दुसरं टोक टाकीला. अक्का शेजारी बसून पुठ्ठ्यानं वारा घालत होत्या.

"शाळा सुटली एवढ्यात?" अण्णांनी विचारलं.

मी आधी टाकीचा काटा बघितला. अक्का म्हणाल्या, "सकाळी लाईट गेली. मग वाऱ्यानं पत्र्यावरची पॅनलची वायर तुटली, बॅटरीबी उतरली. मशीन वरडून वरडून बंद पडली. तुला फोन लावाया गेले तर रेंजच न्हाय. ह्यांनीच टाकी खोलली. मला म्हणले, तू निस्ती बस."

मी भिंतीकडं बघितलं आणि कळलं. वायफायचा राऊटर साध्या बोर्डाला लावलेला होता, बॅटरीवर नव्हता. म्हणजे लाईट गेली त्या क्षणीच घराची वाचा गेली होती, आणि माझा मोबाईल जुनाच आकडा धरून बसला होता.

संध्याकाळी रेंज आल्यावर भावाचा फोन आला. "आता तरी ऐक, ताई."

"आधी हे नीट करते," मी म्हटलं.

रविवारी सोलरवाल्याला बोलावलं. त्यानं तुटलेली वायर जोडली आणि म्हणाला, "नेटवर्कला आपण काय करणार, मॅडम?"

"नेटवर्कचं नंतर. राऊटर बॅटरीवर का नाही?"

त्यानं पिशवीतून वायर काढली. त्याच दिवशी राऊटर बॅटरीवर आला. राऊटरमध्ये दुसऱ्या कंपनीचंही सिम टाकलं. बॅटरी उतरली की गल्लीभर ऐकू जाईल असा भोंगा गिरणीच्या भिंतीवर लावला. तरी माझं समाधान होईना. घराकडून काहीच खबर आली नाही, तर तीच धोक्याची खबर आहे, हे माझ्या मोबाईलला कळायला हवं होतं. इन्व्हर्टरच्या कंपनीला रोज मधल्या सुट्टीत फोन लावायचे. तिकडून हिंदीत एकच उत्तर, अशी सोय नाही. बाई, तुमचं लग्न त्या कंपनीशीच लावून देऊ, असं शाळेतल्या मैत्रिणी म्हणायला लागल्या. मी फोन लावायचं सोडलं नाही. शेवटी एका मुलीनं आत कुणाला तरी विचारलं आणि परत येऊन सांगितलं, सोय आहे, पण ती बंद ठेवलेली असते. कुठून चालू करायची तेही तिनं सांगितलं. मी ती माझ्या आणि भावाच्या, दोन्ही मोबाईलवर चालू केली.

खरंच चालते का हे बघायला मी राऊटरची पिन उपसली. अण्णा आणि मी माझ्या मोबाईलकडं बघत बसलो.

"वाजंल का न्हाय?" अण्णा म्हणाले.

वाजला. पाठोपाठ पुण्याहून फोन. भाऊ धापा टाकत होता. "काय झालं अण्णांना?"

"काही नाही. परीक्षा घेत होते."

तो म्हणाला, "परत घे. माझ्या फोनचा आवाज बारीक होता." त्या दिवसानंतर पुण्याला न्यायचा विषय त्यानं काढला नाही.

पावसाळ्यात गावचा ट्रान्सफॉर्मर जळाला. कितीतरी दिवस गाव अंधारात, आणि आभाळही भरलेलं. एकदा भोंगा वाजला. मी पोचायच्या आत अक्कांनी टाकी सुरू केली होती आणि गल्लीतल्या पोरांनी कुणाचा तरी जनरेटर ढकलत आणला होता. अण्णा चहा पीत होते.

अण्णा अजून त्याच घरात आहेत. गेल्या महिन्यात शेजारच्या गावातली एक बाई शाळेत मला शोधत आली. तिच्या सासूला तशीच मशीन लावायची होती. "पॅनल कुठं बसवायचं, बघाया येताव का?" म्हणाली. मी सुट्टीच्या दिवशी गेले. पत्र्यावर नंतर चढले. आधी मोबाईल हातात धरून तिच्या घरभर फिरले, रेंज कुठल्या कोपऱ्यात येते ते शोधत.