टेलरमामांच्या एजंटानं दिलेला शब्द

आमच्या घरात आम्हा दोघी बहिणींत मिळून एकच चांगला ड्रेस होता. तो शिवणारे वरवंडचे टेलरमामा. कपडे मागायला गेलं की त्यांचं ठरलेलं, "उद्या या."

घरातली पहिली पदवीधर मी. मामांच्या दुकानाच्या पेजवर कमेंटना उत्तरं देणारा एआय एजंट मीच बसवून दिला. त्या पठ्ठ्यानं लग्नसराईत नऊ नवरींना परस्पर लिहून टाकलं, "ब्लाऊज शुक्रवारी मिळेल."

मी घाबरले. "मामा, चुकून लिहिलं म्हणून कळवू?"

"न्हाई पोरी. दुकान माझं, तवा शब्दबी माझाच. फकस्त त्याला सांग, फुडच्या टायमाला इचारून बोल म्हणावं."

बोलताना त्यांचं मशीन थांबलं नाही. शुक्रवारी दुपारपर्यंत नऊही ब्लाऊज नवरींच्या घरी पोचले.