चोरून होडी सोडत नाहीत

मुलाला बालवर्गात पाठवण्यापूर्वी घरी नेमके काय शिकवावे? तलासरीची नोकरी आटोपून मी डहाणूला बालवर्ग घेऊ लागले, तेव्हापासून दर उन्हाळ्यात पालक मला हा प्रश्न विचारत आले आहेत. अक्षरे, अंक, रंग, बडबडगीते, अशी उत्तरे मीही देत असे आणि ती चुकीची नव्हती. परंतु आता उत्तर देऊ लागले की माझ्यापुढे काशीनाथ तांडेल उभे राहतात. म्हणून त्यांचीच ओळख करून देते. उत्तर त्यातच सापडेल.

त्यांची पहिली ओळख झाली ती आवाजाने. २०१५ च्या उन्हाळ्यात मी मच्छीमारांच्या आळीत भाड्याने खोली घेतली होती. दुपारी जरा डोळा लागतो न लागतो तोच खालून गर्जना आली, “धनू होऽऽ!” आणि पाठोपाठ तेवढ्याच ताकदीची चिमुकली गर्जना, “हाय होऽऽ!” मी खिडकीतून पाहिले. अंगणाच्या एका टोकाला गुडघ्याला फडके बांधलेले म्हातारे गृहस्थ, दुसऱ्या टोकाला झबल्यातली मुलगी. मी विचारले, “काका, काय चाललंय?”

“हजेरी, बाई. तुमच्या साळंत हजेरी घेतात ना? तिची तयारी.”

“पण इतक्या मोठ्यानं?”

“बोटीवर इंजिन चालू असतंय. ज्याचा आवाज पोचत नाय तो पाण्यात पडला तरी कोणाला कळत नाय. हां, धनू, परत एकदा. बाईंना पण ऐकू जाऊ दे!”

काका आडनावाप्रमाणेच तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख होते; पण गुडघ्यांनी दगा दिल्यामुळे त्यांनी बोट मुलाच्या हाती सोपवली होती. मुलगा दर्यावर गेला की घरात ते, सून भारती आणि नात धनश्री, म्हणजेच धनू. भारती बाजारात मासळी विकायला बसे. मात्र त्या वर्षी तिचे बाजारातले बसणेच धोक्यात आले होते. झाले होते असे, की आदल्या वर्षी तिने धनूला शिशुवर्गात नेऊन सोडले आणि पोर ठोकळे खेळण्यात रमली आहे असे पाहून ती मागच्या दाराने हळूच निसटली. शेजारणींचा सल्लाच तसा होता. धनूने मान वर केली, तर आई नाही. त्या दिवसापासून तिने आईचा पदर सोडला नाही. नळावर, बाजारात, सगळीकडे ती पदर धरूनच असे. जवळच्या सरावली गावात टोपली घेऊन फिरणे तर बंदच झाले. बाजारातल्या बायका टोमणे मारत, “काय गो भारती, पोरगी पण मासळीच्या वाट्यावर लावलीस काय?” आणि जी जागा रोज भरत नाही ती बाजारात फार दिवस मोकळी राहत नाही. पावसाळ्याची बंदी उठून बोटी पुन्हा दर्यावर जातील, त्याच्या आत धनू शाळेत बसायला शिकली नाही, तर भारतीची जागा दुसरीकडे जाणार, हे आळीत सगळ्यांना माहीत होते.

“ती माझ्यावर सोडा,” काशीनाथकाका म्हणाले होते.

त्यांचा अभ्यासक्रम मी महिनाभर वरून पाहिला. बोंबील वाळत घालताना दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी दोरीवर टाकतात. काका धनूला शेजारी बसवून जोड्या लावायला देत. “एकटा बोंबील दोरीवर टिकत नाय, बाय. त्याला जोडीदार शोध.” पेन्सिल धरायला लागणारी बोटांची पकड तिला तिथे मिळाली, असे मी शिक्षिका म्हणून नोंदवते. डब्याचे झाकण उघडणे, चपलेचा पट्टा लावणे, शू लागली तर स्पष्ट सांगणे, हेही चालू असे. “लाजायचं नाय. बोटीवर लाजणारा माणूस सगळ्यांची अडचण करतो.” अक्षरांच्या बाबतीत मात्र ते हात वर करत. “ते तुमचं खातं, बाई. मी सही करतो तीच वेडीवाकडी.” आणि त्यांची एक गोष्ट मला मुळीच मान्य नव्हती. धनू रडू लागली की ते तिच्या हातात बिस्किटाचा अख्खा पुडा देत. मी बोलले, की म्हणत, “रडणाऱ्याशी वाद घालू नये. आधी त्याचं तोंड भरावं.”

संध्याकाळी खरा धडा होई. काका उंबऱ्यावर बसत आणि सांगत, “तू होडी, मी बंदर. जा, त्या जाळ्याच्या ढिगाला वळसा घालून ये.” धनू दोन पावले जाई आणि मागे वळून बघे. काका तिथेच. आणखी थोडे पुढे, पुन्हा मागे नजर. काका तिथेच. “होडी फिरते, बंदर फिरत नाय. जा बिनधास्त!” काही दिवसांनी ती ढिगामागे दिसेनाशी होऊन धावत परत येऊ लागली. मग दुकानापर्यंत. मग वळणापलीकडे. ती परतेपर्यंत काका उंबऱ्यावरून उठत नसत. एकदा कोणी चहा प्यायला बोलावले, तर ओरडून म्हणाले, “इथंच आण! होडी बाहेर आहे माझी!”

एक शेजारीण म्हणाली, “इतकं कशाला, काका? साळंत सोडायचं नि नजर चुकवून सटकायचं. रडतात नि गप होतात पोरं.”

काका एकदम गंभीर झाले. “नारळ वाढवतो, हाका मारतो, सगळ्यांना सांगतो, मग होडी सोडतो. चोरून होडी कोण सोडतं? चोर! माझी नात काय चोराघरची हाय?”

जूनमध्ये बालवर्ग सुरू झाला. मी हजेरी घेताना “धनश्री” म्हटले आणि धनूने शिकवल्याप्रमाणे “हाय होऽऽ!” अशी आरोळी ठोकली. शेजारची दोन मुले दचकून रडू लागली, त्यांचे पाहून बाकीची, आणि क्षणात वर्गभर आक्रोश झाला. एकटी धनू कोरड्या डोळ्यांनी सगळ्यांकडे बघत होती. फाटकापाशी उभे असलेले काका अभिमानाने म्हणाले, “बघा बाई, माझी रडली काय?”

रडली नव्हती, पण बसतही नव्हती. खिडकीपाशी उभी राहून ती फाटकातल्या आजोबांना न्याहाळत होती. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. अखेर मी बाहेर गेले. “काका, आता तुम्ही घरी जा.”

“मी बंदर हाय. बंदर हाललं तर होडीनं लागायचं कुठं?”

“बरोबर. पण बंदर दिसतंय तोवर होडी निघाली असं तुम्ही म्हणता का?”

ते मोठ्याने हसले. “तांडेलाला दर्या शिकवता काय, बाई? पण बोललात बराबर.” ते वर्गाच्या दारात आले आणि गुडघा दाबत खाली बसले. “धनू, ऐक. आता जमीन दिसायची नाय. मी घरी जाणार. घंटा झाली की याच फाटकात असणार. सांगून जातोय. हां?”

काका उठून चालू लागले आणि मागे न बघता वळणाआड गेले. ती रिकाम्या फाटकाकडे बराच वेळ बघत राहिली. मग येऊन माझ्यासमोर चटईवर बसली. घंटेच्या आधीच काका फाटकात हजर होते. पुढेही रोज, त्याच जागी.

नारळी पौर्णिमेनंतर बोटी गेल्या. भारतीने टोपली उचलली आणि धनूला सांगितले, “सरावलीला चालले. दिवेलागणीला येते.” धनूने पदर हातात घेतला, क्षणभर धरला आणि सोडून दिला. बाजारातली जागा टिकली.

धनू दुसरीत असताना काकांचे दुखणे वाढले. त्यांना मोठ्या दवाखान्यात न्यायचे ठरले. पोरीला त्रास नको म्हणून कोणीतरी तिला दुकानात पाठवले आणि तेवढ्यात काकांना रिक्षात बसवले. मी तिथेच उभी होते. काकांनी रिक्षाचा दांडा घट्ट धरला. “धनू कुठंय? तिला बोलवा. मी चोरून जायचा नाय.”

धनू धावत आली. काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. “या वेळी मी होडी. कधी येईन ते मला ठाऊक नाय, बाय. ठाऊक नसलेलं बोलत नाय मी.”

धनू जाऊन उंबऱ्यावर बसली. रिक्षा सुटली तेव्हा आतून हाक आली, “धनू होऽऽ!” आवाज वळणापर्यंतही पोचण्याजोगा उरला नव्हता. धनूने मात्र सगळी आळी दणाणेल असे उत्तर दिले. रिक्षा दिसेनाशी झाली तरी ती उठली नाही. तिचा चहा त्या दिवशी भारतीने उंबऱ्यावरच आणून दिला.

काका परत आले नाहीत. भेटायला आलेल्या बायकांपैकी एक हळहळून म्हणाली, “बिचारी पोर! आजा टाकून गेला हिला.”

धनू शांतपणे म्हणाली, “टाकून नाही. आजा मला सांगून गेला.”

तेव्हा पालकांना माझे उत्तर असे: अक्षरे मी शिकवीन. तुम्ही मुलाला सांगून जा, सांगितलेल्या जागी परत भेटा, आणि जे ठाऊक नाही त्याचे वचन देऊ नका. केवळ मी म्हणते म्हणून हे मान्य करू नका. उद्या सकाळी मुलाला सोडताना तसे करून बघा आणि खरे की खोटे ते स्वतःच तपासा, एवढीच विनंती.