बुटीबोरीच्या फलाटावरून उठून गेलेली आजी

शाळेतून निवृत्त झाले आणि माझा पाय घरात टिकेना. लावलेली भांडी काढून परत लावायची, अशी गत. म्हणून बुटीबोरी स्टेशनवर रेल्वे पोलिसांनी आसपासच्या लोकांना मदतीला बोलावलं, तेव्हा मी लगेच नाव दिलं. एक केशरी जाकीट आणि शिट्टी मिळाली. रूळ ओलांडणाऱ्यांना पुलावरून जायला सांगायचं, आणि कुणी एकटं, गोंधळलेलं दिसलं तर त्याच्याशी बोलून पोलिसांना कळवायचं, एवढंच काम. सोबत एक महिला शिपाई असायची, माझ्या मुलीच्या वयाची. मला ‘बाई’ म्हणायची.

एका शुक्रवारी सकाळी फलाटाच्या टोकाच्या बाकावर एक आजी दिसली. धुतलेलं पांढरं लुगडं, मांडीवर कापडी पिशवी. दोन गाड्या येऊन गेल्या, ती उठली नाही. मी जवळ गेले.

“कुठं जायचं, आजी?”

“भिवापूरले. माहेर हाय माह्यं. गाडीची वाट पाहून राहिली.”

“अहो, भिवापूरची गाडी इथून नाही जात. ती नागपुरातल्या इतवारीहून सुटायची. ती छोट्या रुळांची लाइनही कधीच बंद झाली.”

चूक दिसली की दुरुस्त करायची, ही तीस वर्षांची सवय. तिचा चेहरा उतरला. “इतवारीहून,” ती हळूच म्हणाली. तेवढ्यात कारखान्याची पाळी सुटली आणि दहा-बारा माणसं सरळ रुळांत उतरली. मी शिट्टी फुंकत तिकडे धावले. त्यांना पुलावर चढवून वळते तर बाक रिकामा.

नळावर बाटली भरणारा एक माणूस म्हणाला, “म्हातारी त्या उतारावरून खाली रुळांत गेली. नागपूरच्या बाजूनं.”

नागपूरची बाजू म्हणजे इतवारीची. मीच तिला रस्ता दाखवला होता.

शिपाई मुलगी चौकीत होती. मी धापा टाकत सांगितलं. तिनं धावत स्टेशन मास्तरांची खोली गाठली. त्यांनी फोन उचलून येणाऱ्या गाड्या थांबवायला सांगितलं. मग आम्ही दोघी रुळांच्या कडेनं निघालो. खडीवर माझा पाय सारखा मुरगळत होता. “बाई, तुम्ही परत जा,” ती दोनदा म्हणाली. मला थांबणं शक्यच नव्हतं. दूर काही पांढरं हललं की मी तिचा हात धरायची. जवळ जावं तर प्लास्टिकचं पोतं.

नाल्याच्या पुलाअलीकडे आजी सापडली. चप्पल हातात घेऊन दोन रुळांच्या मधून चालली होती. मी हाक मारणार, तोच शिपाई मुलीनं मला गप्प राहायची खूण केली. ती पुढे झाली आणि आजीच्या चालीनं चालू लागली.

“आजी, पाय पोळून नाही राहिले का?”

“पोळते ना वं.”

“मंग सावलीत चला. जरा पाणी पिऊ.”

आजीनं निमूटपणे तिचा हात धरला. आम्ही बाभळीखाली गेलो. मुलीनं फोनवर स्टेशन मास्तरांना ‘सापडल्या’ एवढंच सांगितलं. थोड्या वेळानं थांबवलेली गाडी समोरून गेली.

पिशवीत औषधाची चिठ्ठी निघाली, तिच्यावर मुलाचा नंबर होता. फोन केल्यावर तो आणि सून स्टेशनवर आले. सकाळपासून शोधत होते बिचारे. काय घडलं ते मी सांगितलं. सुनेनं आजीच्या पायाचे तळवे पाहिले आणि मला विचारलं, “तुम्ही बोलल्या होत्या न त्यांच्याशी? मंग सोडून काहून गेल्या?”

मी म्हणाले, “चुकलं माझं.”

ते गेल्यावर शिपाई मुलगी वहीत नोंद करू लागली. आजी कशामुळे उठून गेली, तेही लिही, असं मी सांगितलं.

“राहू द्या न बाई. मिळाल्या न.”

“लिही.”

तिनं लिहिलं. दुपारी घरी जेवायला बसले, दोन घास खाल्ले आणि उठले. आजीच्या सुनेला फोन केला. आजी झोपली होती. तासाभरानं पुन्हा केला, तेव्हाही झोपलीच होती. तिसऱ्यांदा लावला तेव्हा सून म्हणाली, “काकू, आता तुम्हीही पडा जरा.”

मी हो म्हणाले आणि दारात जाऊन उभी राहिले.