मागाची खटखट परत आणणारे लांजेवार सर

गोंदिया वेगळा जिल्हा झाला, त्यानंतर दोनेक वर्षांनी मी भंडाऱ्याच्या महाविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायला रुजू झाले. पहिल्याच दिवशी विभागप्रमुख लांजेवार सर प्रयोगशाळेत हेडफोन लावून, डोळे मिटून बसलेले दिसले. मला वाटले, साहेबांना डुलकी लागली! प्रत्यक्षात चिखल्याच्या मँगनीज खाणीतून निवृत्त झालेल्या एका ड्रिलवाल्याच्या दणदणाटाने बिघडलेल्या कानात सतत कोणत्या सुराची शिट्टी वाजत असते, ते सर त्याच्या सांगण्यावरून शोधत होते.

त्याच सुराभोवतीची मंद सरसर कानात सोडणारी आणि समोरच्याचे बोलणे मोठे करणारी खिशातली डबी सरांनी तयार केली. शिट्टी बरी होत नाही, फक्त झाकली जाते, हे ते प्रत्येकाला आधीच सांगत. खोटी आशा दाखवणे त्यांना मुळीच खपत नसे.

डबीतला गोंगाट काढण्याचा प्रोग्राम माझा. एकसारखा चालणारा आवाज म्हणजे गोंगाट, असे मी ठरवून टाकले होते. ती डबी आम्ही मोहाडीकडच्या दौलतकाकांना दिली. काका हातमागावर टसर रेशीम विणणारे, कानात शिट्टी आणि ऐकूही कमी. आठ दिवसांत ते परत आले.

"मॅडम, सून काय म्हणते ते ऐकू येते जी. पण माहा मागच मुका झाला. धागा तुटला तं मले समजतच नाही."

डबी लावली की कापड बिघडे, काढली की शिट्टी छळे. माग विकून टाकावा, इथवर गोष्ट आली होती. आणि मी शहाणी त्यांना समजावत होते की डबी बरोबरच चालते आहे! सरांनी मला थांबवले.

"चूक आमची आहे, दौलतभाऊ. मागाजवळ न बसताच आम्ही ठरवलं."

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. सरांनी मात्र तो विषय पुन्हा कधी काढला नाही. त्या रविवारी ते मला घेऊन काकांच्या घरी गेले आणि दिवसभर मागाशेजारी चटईवर बसले. आवाज टिपता यावा म्हणून काकांनी मुद्दाम धागे तोडले, दर वेळी हळहळत. मग डबीला दुसरे बटण आले, मागाचा आवाज राखणारे. ते लावून काका विणायला बसले आणि मध्येच हात थांबवून म्हणाले, "तुटला." आम्हाला तर काही दिसलेही नव्हते. सरांच्या डोळ्यांत पाणी आले.

आज सर पंच्याहत्तर वर्षांचे होत आहेत. या समारंभात त्यांच्या खांद्यावर पडणारा टसरचा शेला दौलतकाकांनी विणला आहे. सरांना निरोगी, भरपूर आयुष्य लाभो, एवढेच मी लिहिणार होते. पण शेला हाती देताना काकांनीच सांगून ठेवले आहे, "सरले म्हणा, शंभरीचाही मीच विणीन."