साहेबांची गाडी कधी कुरकुरत नसे

कॅझिमिर ड्रोझ्ड, आमचा कॅझ, टॉलिव्हर मोटर कंपनीत एकतीस वर्षं होता. त्यातली चोवीस डेट्रॉईटच्या मुख्य इमारतीखाली, तळघरातल्या गॅरेजमध्ये गेली. तिथे फक्त वरच्या मजल्यावरच्या साहेबांच्या गाड्या येत. मी अकरा वर्षं त्याच्या हाताखाली होतो, त्यामुळे यातलं बरंचसं माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

सकाळी साहेब इमारतीच्या दारात गाडी सोडून लिफ्टने वर जायचे. ते संध्याकाळी खाली येईपर्यंत आम्ही ती धुवायचो, टाकी भरायचो आणि कारखान्याने केलेले घोळ निस्तरायचो. खडखडणारं दार, गळणारं तेल, अर्ध्यावर अडकणारी काच. तीन महिने झाले की गाडी बदलून नवी, आणि आमचं काम पुन्हा पहिल्यापासून. टॉलिव्हरची गाडी कशी असते हे टॉलिव्हरच्या एकाही साहेबाला माहीत नव्हतं.

कॅझने पाच अध्यक्ष पाहिले. पहिला संस्थापकांचा नातू. त्याला घोड्यांचा नाद, पेट्रोलच्या वासाने मात्र डोकं दुखायचं. दुसरा हिशेबातला माणूस. त्याने प्रत्येक दारातले दोन स्क्रू कमी केले आणि त्याबद्दल मानपत्र मिळवलं. तिसरा साबणाच्या कंपनीतून आला. त्याने गाडी होती तशीच ठेवून तिच्या नाकावरचं चिन्ह बदललं. चौथ्याचं नाव तोंडात बसायच्या आत तो गेलासुद्धा. पाचवे प्रेस्कॉट लँडिस. उंच, रुबाबदार, आणि बोलणं असं की समोरच्याला वाटावं, आता काहीतरी होणार.

कॅझने कामगारांच्या सवलतीत स्वतःसाठी टॉलिव्हरची बॅरोनेस ही गाडी घेतली होती. नाताळच्या दिवशी चर्चसमोर तिच्या दाराचं हँडल त्याच्या बायकोच्या, यादविगाच्या, हातात आलं. ती शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची आणि कुणाची भीडभाड ठेवायची नाही. तिने कंपनीला पत्र लिहिलं. उत्तर आलं की आमच्या वरिष्ठांच्या रोजच्या वापरात असा दोष आजवर कधीही आढळलेला नाही.

"आढळेल कसा?" यादविगा म्हणाली. "तू आहेस ना तिथे, त्यांच्या डोळ्यांवर पट्टी बांधायला."

कॅझला हे लागलं. जानेवारीत लँडिस टीव्हीवर आले आणि म्हणाले की मी रोज बॅरोनेसच चालवतो, चार वर्षांत एकदाही कुरकुर ऐकली नाही. त्याच आठवड्यात त्यांची नवी गाडी आमच्याकडे आली. कॅझने आम्हाला गोळा करून शांतपणे सांगितलं की एक नंबरची, म्हणजे अध्यक्षांची, गाडी यापुढे नुसती धुवायची. आमची पाचावर धारण बसली, पण पान्याला कुणी हात लावला नाही.

मंगळवारी रेडिओची कळ गळून पडली. बुधवारी हीटर गेला. गुरुवारी हायवेवर डावीकडची काच धाडकन दारात गेली, आणि लँडिस बाजूला बसलेल्या बँकवाल्या पाहुण्यासह डाव्या खांद्यावर चार बोटं बर्फ घेऊन ऑफिसात पोचले. तासाभराने ते तळघरात उतरले. चार वर्षांत पहिल्यांदाच.

"माझ्या गाडीला काय केलंत तुम्ही?"

"काहीच नाही साहेब," कॅझ म्हणाला. "या आठवड्यात आम्ही तिला काहीच केलं नाही. बाहेर लोकांना मिळते ती अशीच."

मग त्याने लोखंडी कपाट उघडून दाखवलं. वर्षभरात साहेबांच्या गाड्यांतून काढलेले निकामी भाग त्यात खच्चून भरले होते. लँडिस म्हणाले की इतक्या वर्षांत मला खरं सांगणारे तुम्ही पहिलेच, आणि कॅझचा ग्रीसने माखलेला हात त्यांनी हातात घेतला.

त्या दिवशी कॅझ जवळजवळ पळतच घरी गेला. आता कारखाना सुधारणार, त्याने बायकोला सांगितलं. यादविगाने त्याच्या ताटात बटाट्याचं सारण भरलेले पिएरोगी वाढले आणि म्हणाली, "हात धुतले असतील त्यांनी एव्हाना."

तीन आठवड्यांनी कागद खाली आला. अध्यक्षांना झालेल्या गैरसोयीची गंभीर दखल घेण्यात आली होती. तळघरात आणखी दोन मेकॅनिक नेमले होते आणि कॅझला बढती देऊन मुख्य पर्यवेक्षक केलं होतं. कारखान्याबद्दल एक ओळ नव्हती. सोबत एक निळा टाय होता. कॅझने तो बांधला, कारण पर्यवेक्षकांना सक्तीचा होता, आणि त्या दिवशी तो जेवायला आमच्यात बसला नाही.

पुढे लँडिस घसघशीत रक्कम घेऊन पायउतार झाले. आत्मचरित्रही लिहिलं. 'तळातल्या माणसाचं ऐका' या प्रकरणात कॅझ आहे, पण त्याचं नाव कार्ल छापलंय आणि सगळा शोध लँडिसनीच लावलाय. तोवर टॉलिव्हरचे तीन कारखाने बंद पडले होते.

निवृत्तीला कंपनीने कॅझला एक नवीकोरी बॅरोनेस भेट दिली. ती त्याने लगेच रस्त्यावर काढलीच नाही. घरामागच्या शेडमध्ये सहा आठवडे लावून त्याने ती पूर्ण खोलली, प्रत्येक दारात ते दोन स्क्रू घातले आणि नीट जुळवली. ती गाडी चौदा वर्षं चालली. कंपनी त्याआधीच दुसऱ्या कुणीतरी विकत घेतली. त्यांचा एक इंजिनिअर एकदा पेट्रोलपंपावर कॅझला भेटला, गाडीभोवती दोनदा फिरला आणि म्हणाला, या जुन्या गाड्या काय मजबूत बनवायचे हो पूर्वी. कॅझने टाकीचं झाकण लावलं आणि त्याला म्हणाला, "हो. हातानं बनवायचे."